उष्टी हवा

दुसऱ्याला द्यायचं भांडं वेगळं आणि आपलं तोंड लागलेलं भांडं वेगळं, हा भेद आपल्या अंगात इतका मुरलेला आहे की तहानेनं कासावीस झालेल्या माणसालाही आपण आधी ‘उष्टं आहे हो, चालेल का?’ असं विचारून घेतो. तो शुद्धीवर असेल तर ‘चालेल’ म्हणतो, नसेल तर प्रश्नच मिटतो. स्क्युबा डायव्हिंगचं यंत्र ज्या फ्रान्समध्ये घडलं तिथं सोवळ्याओवळ्याचा फार बडेजाव असल्याचं ऐकिवात नाही. तरीही हौशी डायव्हरच्या अंगावरची नळ्यांची मांडणी पाहिली, की ती एखाद्या कर्मठ आजीबाईंनी आखून दिली असावी अशी शंका येते. श्वासासाठी तोंडात धरायचा काळा रेग्युलेटर स्वतःचा, पिवळा दुसऱ्याचा. काळ्याची नळी आखूड, पिवळ्याची लांब. आणि एकाचं दुसऱ्याला लावायचं नाही. माझं म्हणणं असं, की पाण्याच्या १८ मीटर खाली आजीबाईंचं ऐकू नये. तिथं उष्टंच द्यावं, विचारून न घेता द्यावं, आणि नळ्या विकत घेताना ‘हे उष्टं आपण कसं देणार’ एवढा एकच प्रश्न डोक्यात ठेवावा. दुकानदार बाकीचे सतरा प्रश्न विचारेल; ते त्याच्या पोटापाण्याचे आहेत, आपल्या श्वासाचे नाहीत.

आधी या नळ्यांचा गोतावळा समजून घेऊ. टाकीच्या तोंडाशी धातूचा जो ठोकळा बसवतात तो फर्स्ट स्टेज. भरलेल्या टाकीत हवेचा दाब साधारण २०० बार असतो. ती तशीच घशात सोडली तर डायव्हिंगचा छंद एका श्वासातच आटोपेल. म्हणून फर्स्ट स्टेज तो दाब भोवतालच्या पाण्यापेक्षा नऊ-दहा बार जास्त, इतक्यावर आणतो, आणि तोंडात धरलेला सेकंड स्टेज उरलेला भार उतरवून नेमकी भोवतालच्या दाबाची हवा ओठांशी आणून देतो. या ठोकळ्यातून नळ्या निघतात चार: एक आपल्या तोंडाशी, एक दुसऱ्याच्या तोंडासाठी, एक अंगावरच्या जॅकेटात हवा भरायला आणि एक प्रेशर गेजला. यातल्या शेवटच्या नळीला सगळे नवखे घाबरतात, कारण ती ‘हाय प्रेशर’ म्हणून ओळखली जाते. प्रत्यक्षात तिच्या मुळाशी सुईच्या टोकाएवढं भोक असतं, त्यामुळे ती फुटली तरी हवा बेतानं जाते. जिला बिचारी ‘लो प्रेशर’ म्हणतात तीच फुटली तर टाकी बघता बघता रिकामी करते. तरी या जॅकेटच्या आणि गेजच्या नळ्यांवरून कुणी कुणाशी बोलणं टाकल्याचं उदाहरण नाही. डायव्हरांच्या जगातली सगळी भांडणं उरलेल्या दोन नळ्यांवरून होतात: कोणती लांब, कोणती आखूड, आणि हवा संपलेल्याला त्यांतली कोणती द्यायची.

हा प्रश्न सुरुवातीला नव्हता, कारण द्यायला दुसरं तोंडच नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एमिल गान्यां या फ्रेंच इंजिनियरनं एक झडप तयार केली होती. १९४३ साली त्यानं आणि जाक कुस्तो या फ्रेंच नौदल अधिकाऱ्यानं ती माणसाला जोडली आणि ॲक्वालंग तयार झालं. मानेच्या दोन बाजूंनी दोन जाड नळ्या यायच्या, पण एक हवा आणायला आणि दुसरी उच्छ्वास बाहेर न्यायला, माणूस एकच. १९५२मध्ये मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडनं ‘पॉरपॉइज’ नावाचा एका नळीचा रेग्युलेटर बाजारात आणला आणि आजची घडण तिथून सुरू झाली. तरी जोडीदाराची हवा संपली तर उपाय एकच होता: दोन श्वास तू घे, दोन मी घेतो, आणि असं आळीपाळीनं करत वर जाऊ. म्हणजे उष्टं खाण्याचा परमोच्च प्रकार. तरणतलावात तो उत्तम जमायचा. खोल पाण्यात अडचण अशी, की हवेशिवाय अर्धं मिनिट काढलेल्या माणसाशी ‘दोन श्वास झाले की परत कर’ असा करार करायचा आणि तो पाळला जाईल अशी आशा धरायची. उसनी घेतलेली पुस्तकंसुद्धा जिथं परत येत नाहीत, तिथं हवेचं काय घेऊन बसलात! शेवटी फर्स्ट स्टेजला आणखी एक सेकंड स्टेज जोडला गेला. वाढलेल्या नळ्यांमुळे त्याला ऑक्टोपस म्हणू लागले. उष्ट्याचा प्रश्न सुटला, असं सगळ्यांना वाटलं.

सुटला नाही, कारण ऑक्टोपसचं नशीब शोकेसमधल्या पाहुण्यांच्या कपबशांसारखं झालं. त्या आहेत याचा अभिमान सगळ्यांना, त्या कधी धुतल्या हे कुणालाच आठवत नाही. फरक एवढाच, की घरात पाहुण्यांच्या कपबशा भारीतल्या असतात; समुद्रात पाहुण्याच्या वाट्याला स्वस्तातलं मॉडेल येतं. स्वतःसाठी श्वास अलगद मिळणारा, बिनगजराच्या झोपेसारखा सुखाचा सेकंड स्टेज घ्यायचा आणि ऑक्टोपस म्हणून त्याच कंपनीचा सगळ्यात साधा. वर तो पाण्यात आपोआप फुसफुसू नये म्हणून मुद्दाम जरा घट्ट लावून घ्यायचा. म्हणजे आधीच धापा टाकणाऱ्या माणसानं आणखी जोर लावून ओढावं, अशी सोय. शिकवताना सांगतात की तो हनुवटी आणि बरगड्यांच्या खालच्या कोपऱ्यांमधल्या त्रिकोणात, समोरून दिसेल आणि हिसका देताच सुटेल असा अडकवावा. प्रत्यक्षात अडकवण्याची क्लिप दुसऱ्या-तिसऱ्या डायव्हला हरवते आणि तो पिवळा जीव मालकाच्या मागे मागे वाळूतून, प्रवाळातून फरपटत येतो. त्याच्या तोंडात वाळू गेली आहे का, माउथपीस फाटलं आहे का, हे मालकाला ठाऊक नसतं. त्याला दोष देता येत नाही. ज्या वस्तूला आपलं तोंड कधी लागणार नाही तिची काळजी घेणारे संत असतात, आणि संतांची डायव्हिंगमधली संख्या बाकीच्या क्षेत्रांइतकीच आहे.

उष्टं देण्याची सुधारणा आली ती फ्लोरिडाच्या गुहांतून. तिथल्या झऱ्यांच्या पाण्यानं भरलेल्या गुहांत डायव्हर एवढे दगावले, की शेक एक्स्ली या गणिताच्या शिक्षकानं त्या अपघातांची चिकित्सा करून १९७०च्या दशकात ‘बेसिक केव्ह डायव्हिंग: अ ब्लूप्रिंट फॉर सर्व्हायव्हल’ नावाची पुस्तिकाच लिहिली. गुहेत डोक्यावर पाणी नसतं, दगड असतो. जोडीदाराची हवा संपली तर दोघांना एकाच टाकीवर, एकामागोमाग एक, चिंचोळ्या फटींतून पोहत बाहेर यावं लागतं. म्हणून नळी हवी सात फुटांची, म्हणजे २.१ मीटर. आणि ती लांब नळी ज्या रेग्युलेटरला लावायची तो स्वतःच्या तोंडातला. तोच काढून द्यायचा, आणि हनुवटीखाली गळ्यात इलॅस्टिकच्या दोरीनं अडकवलेला दुसरा आपण तोंडात घ्यायचा. विल्यम हॉगार्थ मेन या गुहा-डायव्हरच्या मधल्या नावावरून या सुटसुटीत मांडणीला हॉगार्थियन म्हणतात. पुढे वकुल्ला झऱ्याच्या गुहा धुंडाळणाऱ्या मंडळींनी तिचा पंथ केला आणि त्याचं नाव ठेवलं ‘डुइंग इट राइट’. नाव ऐकताच उरलेले सगळे काय करत होते हे आपोआप सिद्ध झालं. पंथाच्या भाषेत त्या उरलेल्यांसाठी एक तुच्छतादर्शक शब्दही होता. कोणताही योग्य विचार लोकांना अप्रिय करायचा असेल तर तो अशाच अनुयायांच्या हाती द्यावा.

पण अनुयायी उर्मट आहेत म्हणून विचार चुकीचा ठरत नाही. हवा संपलेल्या माणसाच्या जागी जाऊन पाहा. त्याला समोर दोन गोष्टी दिसतात. एक पिवळी वस्तू, जी कुठं तरी छातीजवळ असायला हवी. आणि एक काळी वस्तू, जिच्यातून आत्ता, या क्षणी, बुडबुडे निघताहेत. शिकवणीत त्यानं पिवळी शोधायचं कबूल केलेलं असतं, पण घाबरलेला हात बुडबुड्यांकडे जातो, कारण हवा तिथं आहे याचा पुरावा तिथंच आहे. तुम्ही द्या अगर न द्या, तोंडातला रेग्युलेटर जाण्याची शक्यता खरीच आहे. मग तो आनंदानं, लांब नळीसकट जावा हे बरं. आता हिशेब करू. समजा, ११ लिटरच्या टाकीत तुमच्याकडे ५० बार उरलेत, म्हणजे ५५० लिटर हवा. तुम्हाला पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागतात असं धरा, आणि घाबरलेल्याला ४०. अठरा मीटरवर दाब २.८ पट, म्हणजे दोघं मिळून मिनिटाला १६८ लिटर फस्त करता. मिनिटाला ९ मीटर वेगानं वर यायला दोन मिनिटं आणि २२८ लिटर लागतील, पाच मीटरवर सुरक्षेसाठीच्या तीन मिनिटांच्या थांब्याला २७० लिटर. देवाणघेवाण पंधरा सेकंदांत झाली तर तिचे ४२. एकूण ५४०, दहा लिटर शिल्लक, म्हणजे काठावर पास. पण पिवळा ऑक्टोपस शोधण्यात, सोडवण्यात, त्यातली वाळू झटकण्यात एक मिनिट गेलं तर तिथंच १६८ उडाले आणि बेरीज ६६६वर गेली. थांबा रद्द. हा हिशेब कागदावरचा आहे, दमछाक झालेल्या माणसाची भूक याहून मोठीही असते. पण हवेचा सगळ्यात महागडा खर्च खोल पाण्यातल्या शोधाशोधीचा आहे, एवढं त्यातून दिसतं.

यावर पहिला आक्षेप असा, की तोंडातला काढून दिला तर देणारा हवेविना राहतो. एका बुडणाऱ्याचे दोन केले, यात शहाणपण कोणतं? आक्षेप वजनदार आहे, पण तो देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची अवस्था सारखीच धरतो. देणाऱ्यानं नुकताच श्वास घेतलेला असतो, त्याला घाबरायचं कारण नसतं, आणि पुढचा रेग्युलेटर कुठं आहे हे त्याला डोळे मिटून माहीत असतं, कारण तो हनुवटीला टोचत असतो. दोन माणसांपैकी क्षणभर हवेविना राहण्याचं काम कुणाकडे द्यायचं, तर जो आत्तापर्यंत सुखानं श्वास घेत होता त्याच्याकडे. त्यातून एक मोठा फायदा निघतो, आणि माझ्या मते या मांडणीची खरी ताकद तीच आहे: राखीव रेग्युलेटर आता पाहुण्याचा राहत नाही, आपला होतो. तो चालतो की नाही हे प्रत्येक डायव्हपूर्वी माणूस ओढून पाहतो, त्यात वाळू जाऊ देत नाही, तो घट्ट लावून घेत नाही. परोपकाराच्या भरवशावर टांगलेली वस्तू गंजते. तीच स्वार्थाच्या भरवशावर गळ्यात बांधली की चकचकीत राहते. मनुष्यस्वभाव बदलण्यापेक्षा नळी बदलणं स्वस्त पडतं. राहता राहिला उष्ट्याचा विटाळ. खाऱ्या पाण्यात खळखळून निघालेलं माउथपीस घेताना घेणाऱ्यानं आजवर तरी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप लांबीचा, आणि तो मला पन्नास टक्के मान्य आहे. सात फुटांची नळी मोकळी सोडता येत नाही. ती उजवीकडून खाली आणून कमरेच्या दिव्याच्या डब्याखाली अडकवतात, छातीवरून तिरपी घेऊन मानेमागून फिरवून तोंडाशी आणतात. सुट्टीत मासे बघायला निघालेल्या माणसाच्या कमरेला असा डबा नसतो, मग ती नळी पट्ट्यात खोचावी लागते, ती निसटते, आणि शेवटी गृहस्थ स्वतःच्याच नळीत अडकलेले दिसतात. आणि नेत्राणी बेटाजवळ किंवा अंदमानात असा कोणता दगडी बोळ आहे, ज्यातून दोघांना एकामागोमाग एक यायचंय? डोक्यावर मोकळं पाणी असताना दोघांनी समोरासमोर, एकमेकांचा पट्टा धरून वर यायचं असतं. त्याला दीड मीटरची नळी काखेखालून घेतली तरी भरपूर होते, आणि सुमारे एक मीटरची, तोंडाशी फिरता कोपर लावून काखेखालून घेतलेली, बहुतेकांना पुरते. कोपरात एक जास्तीचा सांधा आणि एक जास्तीचा ओ-रिंग येतो, म्हणजे गळायला एक जास्तीची जागा. पण जबड्यावरचा ताण कमी होतो. गुहेतल्या लोकांकडून घ्यायचं ते तत्त्व; त्यांची मापं त्यांच्या भिंतींसाठी आहेत. मात्र तोंडातला रेग्युलेटर द्यायचा आणि त्याला दुकानातून येते ती पाऊण मीटरची आखूड नळीच ठेवायची, हा प्रकार दोन्ही पंथांतलं वाईट तेवढं निवडण्याचा आहे. जॅकेटमध्ये हवा भरण्या-सोडण्याच्या इन्फ्लेटरमध्येच राखीव रेग्युलेटर बसवून घेणारे हौशी लोक नेमकं हेच करतात. एक नळी वाचली म्हणून ते खूश असतात. पण प्रसंग आला की त्यांना तोंडातलाच द्यावा लागतो, घेणारा त्यांच्या नाकाला नाक लावून तरंगतो, आणि ज्या इन्फ्लेटरमधून जॅकेटची हवा सोडत वर यायचं त्यातूनच श्वासही घ्यायचा, अशी एका हातानं दोन कामं करत दोघं वर येतात.

तिसरा आक्षेप मात्र सगळ्यात खरा आहे. आपल्याकडचे बहुसंख्य लोक नळ्या विकत घेतच नाहीत. तारकर्लीला पहिल्यांदा उतरणाऱ्या पर्यटकाला इन्स्ट्रक्टर टाकीला धरून फिरवून आणतो. त्याच्यापुढे कोणती नळी कुणाला द्यायची हा पेच नसून व्हिडिओत पोट आत दिसेल का हा असतो, आणि ते योग्यच आहे. प्रमाणपत्र घेतलेले लोकही बोटीवरचं भाड्याचं सामान घालतात, ज्यात काळा आखूड आणि पिवळा लांब असाच जोड येतो. जोडीदार सकाळी चहाच्या वेळी भेटलेला, तोही पिवळा शोधायला शिकलेला. अशा वेळी एकट्यानं निराळी मांडणी मिरवणं म्हणजे जिथं सगळे डावीकडून चालतात तिथं तत्त्व म्हणून उजवीकडून चालणं. तिथं रूढ मांडणीच वापरावी. पण तिच्यातूनही उष्ट्याच्या विचाराचा निम्मा फायदा काढता येतो. पिवळा रेग्युलेटर पाण्यात उतरण्यापूर्वी स्वतः तोंडात घालून चार श्वास घ्यावेत, म्हणजे तोही थोडा उष्टा होतो. त्याला छातीवर घट्ट पण हिसक्यानं सुटेल असा बसवावा. आणि जोडीदाराची तपासणी करताना ‘हवा आहे ना?’ ‘आहे’ एवढ्यावर न भागवता तुम्ही काय द्याल आणि तो काय ओढेल हे हातानं करून दाखवावं. स्वतःची निराळी मांडणी घालणाऱ्यानं तर हे केल्याशिवाय बोटीवरून पाय उचलूच नये.

शेवटी काही शहाणे म्हणतात, की मुळात हवा संपूच कशाला द्यायची? गेज बघा, ५० बार उरायच्या आत वर या, नळ्यांचा काथ्याकूट आपोआप संपतो. बरोबर आहे. लांब नळीनं हवा एक लिटरनंही वाढत नाही, हे वरच्या हिशेबात दिसलंच. आणि जो माणूस गेजकडे पाहत नाही तो नळीच्या लांबीचा विचार करतो हे विनोदी आहे. पण हवा फक्त निष्काळजी माणसाचीच जाते असं नाही. झडप अडकते, नळी फाटते, आणि तुमच्या शिस्तीचा जोडीदाराच्या टाकीशी काही संबंध नसतो. राखीव रेग्युलेटर दुसऱ्याच्या चुकीसाठी असतो, म्हणून तो आपल्या शिस्तीच्या पलीकडचा प्रश्न आहे.

तेव्हा स्वतःचं सामान घेणार असाल तर तोंडातल्या रेग्युलेटरला दीड मीटरची किंवा कोपर लावलेली एक मीटरची नळी घ्यावी, राखीव गळ्यात बांधावा, दोन्ही सारख्याच दर्जाचे असावेत, आणि देण्याचा सराव दर सुट्टीच्या पहिल्या डायव्हला करावा. विणीव कापडाच्या रंगीत नळ्या हलक्या आणि लवचिक असतात, छायाचित्रात देखण्या दिसतात. काहींचं आतलं अस्तर उष्ण प्रदेशात बिघडून त्याचे स्फटिक हवेची वाट अडवतात, म्हणून त्या घेतल्या तर ठरावीक काळानं बदलाव्यात. नळीच्या मुळाशी चढवायच्या रबरी टोप्या मात्र काढून टाकाव्यात; त्या नळीला वाकण्यापासून जपतात आणि तिच्या भेगा व गंज मालकाच्या नजरेपासून. उरलेल्या पैशांत दोन्ही रेग्युलेटरांची वेळेवर सर्व्हिसिंग करून घ्यावी. त्याला रंग नाही, त्यात पंथ नाही, त्याचा फोटो काढता येत नाही. दुकानात गेलेला माणूस म्हणूनच तिसरी नळी घेऊन परत येतो आणि सर्व्हिसिंग पुढच्या वर्षी करू म्हणतो.